एकाच झाडाचे दोन कागद

आमच्या वाचनालयाच्या मुक्तद्वार विभागात एक पाटी आहे. ‘मोठ्याने वाचू नये. वर्तमानपत्राची पाने विलग करू नयेत. शब्दकोडे सोडवू नये. सह्यांची मोहीम, तिकीटविक्री व प्रचार करू नये.’ शब्दकोड्याची ओळ सगळ्यांना पटते. शेवटची ओळ मी इथे ग्रंथपाल म्हणून लागले त्याच्याही आधीची. म्हणतात की एक सभासद वाचणाऱ्यांच्या शेजारी बसून विम्याच्या पॉलिस्या खपवायचे, त्यांच्यासाठी ती रंगवून घेतली. विमा असं सरळ लिहिणं समितीला बरं दिसलं नाही, म्हणून प्रचार लिहिलं. त्यात सह्या कशा घुसल्या ते आता कुणालाच आठवत नाही.

त्या ओळीशी माझी खरी गाठ पडली ती जूनमधल्या एका शनिवारी.

पुण्यात, एरंडवण्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पर्जन्यवृक्ष आहे. मे महिन्यातल्या वळवात त्याची फांदी एका स्कूटरवर पडली होती. गुरुवारी त्याच्या बुंध्यावर महापालिकेची नोटीस चिकटली: झाड काढण्याचा विचार आहे, हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवा. शनिवारी साडेपाचला आमचा वाचककट्टा भरतो. पंधरा-वीस माणसं येतात, त्यातली निम्मी सत्तरीपुढची. त्या दिवशीचा विषय होता आवडलेलं प्रवासवर्णन. सव्वापाचला एका सभासदांची मुलगी क्लिपबोर्ड घेऊन आली. बालविभागातलं तिचं पहिलं कार्ड मीच करून दिलं होतं.

“मावशी, कट्ट्यावर पाच मिनिटं देता का? झाडासाठी सह्या घ्यायच्यात.”

मी पाटीकडे बोट दाखवलं. तिने ती पूर्ण वाचली. “पण मावशी, झाड वाचवा म्हणणं हा प्रचार आहे का?”

उत्तर सुचलं नाही. तोवर मागून निवृत्त इंजिनियर काका आले. “द्या हो पाच मिनिटं, पोरगी चांगलं काम करतेय.” त्यावर आमचे माजी मुख्याध्यापक उसळले. “आज झाड, उद्या भोंगे, परवा उमेदवार. मग तुम्ही कुणाला नाही म्हणणार?” खरं तर दोघांचंही म्हणणं मला पटत होतं. चिटणीस गावाला गेले होते, म्हणून निर्णय माझ्यावर आला आणि मी पाच मिनिटं दिली. मुख्याध्यापकांनी घड्याळ काढून समोर ठेवलं.

मुलगी तयारीने आली होती. नागरी भागातल्या झाडांसाठी राज्यात १९७५ पासून कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरतात, आणि तोडायचंच झालं तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात, हे तिने नीट सांगितलं. कुणीतरी विचारलं, “पण याचं वय किती?” ते तिच्याकडे नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यातल्या आजी बोलल्या. कट्ट्यावर त्या एरवी चहा येईपर्यंत डुलक्या घेतात. “पानशेतच्या पुरात आमचं शनिवारातलं घर गेलं. मग इथं राहायला आलो तेव्हा ते माझ्या खांद्याएवढं होतं. कुणाची तरी म्हैस त्याला बांधायची, म्हणून मी भांडले होते.”

पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे हिशेब सरळ होता. पण कुणी तो मांडायच्या आत क्लिपबोर्ड फिरायला लागला आणि बोलणं थांबलं. स्कूटरवाले काका काहीतरी म्हणायला पुढे सरसावले होते. त्यांच्या मांडीवर कागद आला, शेजारच्यांनी पेन पुढे केलं, त्यांनी सही केली आणि मागे टेकले. चार मिनिटांत सतरा सह्या झाल्या. वरचा मजकूर कुणी वाचल्याचं मला दिसलं नाही. आजींनीही सही केली. म्हशीचं भांडण कागदावर कुठेच आलं नाही.

प्रवासवर्णन त्या दिवशी पुढे सरकलंच नाही. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे एकदा पाहून घेतलं.

साडेसातला मी देवघेवीचा हिशेब लावत होते. पुढच्या सोसायटीतले एक गृहस्थ आले आणि काउंटरवर एक कागद ठेवून म्हणाले, “ताई, इथं ठेवतो, लोक सह्या करतील.” परवानगीचा प्रश्न त्यांच्या डोक्यातही नव्हता. मजकूर होता: सदर वृक्षामुळे रहदारीस व जीवितास धोका असून तो त्वरित काढण्यात यावा. खाली तीसेक सह्या होत्या.

एकोणीस वर्षं मी देवघेवीच्या रजिस्टरमध्ये लोकांच्या सह्या पाहतेय. कोण पहिलं अक्षर वळवतं, कोण खाली दोन टिंबं देतं, हे मला पाठ आहे. त्या कागदावर आमच्या कट्ट्यातली सात नावं होती. तासाभरापूर्वी ज्यांनी झाड वाचवायला सही केली होती, तीच सात माणसं. त्यात इंजिनियर काकाही होते.

ते तेव्हा बाहेर चपला घालत होते. मी हळूच विचारलं. जरासुद्धा न ओशाळता म्हणाले, “अहो, काल ते घरी आले, चहा घेतला, आता नाही कसं म्हणणार? आणि ही मुलगी तर आपल्यातलीच.”

भिडेखातर जेवण, भिडेखातर देणगी आणि भिडेखातर सही. मी दार लावून रिकाम्या खोलीत बराच वेळ बसले. अर्ज करणं हे तर या गावाच्या हाडात आहे. १८७० मध्ये पर्वती संस्थानच्या, म्हणजे पर्वतीवरच्या देवस्थानच्या, कारभाराबद्दलच्या तक्रारींतून इथे ‘सार्वजनिक सभा’ ही संस्था उभी राहिली, आणि पुढे १८७५ मध्ये तिने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे हिंदुस्थानचा प्रतिनिधी घ्या म्हणून अर्ज पाठवला. पण त्या सभेची सुरुवात मला फार आवडते. ९५ माणसं सभासद झाली ती सुमारे ६००० लोकांची मुखत्यारपत्रं घेऊन. मुखत्यारपत्र कुणी चहा पिता पिता देत नाही. २०१३ मध्ये शहराच्या विकास आराखड्यावर ८७,००० च्या आसपास हरकती-सूचना गेल्या, तेव्हा आमच्याही सभासदांनी याच टेबलावर बसून आपापले अर्ज लिहिले होते. मी त्यांना कोरे कागद पुरवत होते, आणि पाटी डोक्यावर असूनही ती कुणाला आठवली नव्हती.

मुलीला सात नावांचं सांगावं का, हा प्रश्न रात्रभर छळत राहिला. कोण काय वाचतं हे मी कधी कुणाला सांगत नाही. मग कोण कुठे सही करतं हे तरी का सांगावं? नाही सांगितलं. पण रविवारी तिला बोलावून आजींकडे पाठवलं. “त्यांची सही नको, त्यांची गोष्ट लिहून आण. त्यांच्या शब्दांत, त्यांच्या पत्त्यासह.”

ती लिहून घेऊन आली. म्हैससुद्धा होती त्यात. सोबत जुन्या भाडेपावतीची झेरॉक्स. सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात ती दोन्ही कागद घेऊन गेली. सह्यांच्या कागदावर त्यांनी विचारलं, “यात अर्जदार कोण?” सतरा जणांचा मिळून एकच आवक क्रमांक पडला, तसाच आजींच्या एका पानालाही एक.

समितीच्या बैठकीत मी सगळं सांगितलं, नावं सोडून. मुख्याध्यापक म्हणाले, पाटी होती तीच बरी. मला तसं वाटत नाही. ज्याच्या हातात आधीच सगळं आहे त्याला सह्या लागतच नाहीत, ‘इथे सह्या नकोत’ ही अडचण होते ती ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याची. म्हणून मी सुचवलं की विषय कट्ट्यावर यावा, कितीही वाद व्हावा, दोन्ही बाजूंचे कागद फळ्यावर लागावेत. फक्त कागद घेऊन कुणी माणसांच्या समोर उभं राहायचं नाही. सही करायची असेल तर पेन गेटजवळ बांधलेलं असेल.

चिटणीस म्हणाले, “गेटपर्यंत कोण जाणार? गुडघे आहेत लोकांचे.”

“तेच तर,” मी म्हटलं.

ठराव दोन मतांनी मंजूर झाला. पाटी अजून तीच आहे, रंगवायचा खर्च पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात धरलाय.

झाड तोडलं नाही. ऑगस्टमध्ये रस्त्यावर आलेल्या फांद्या उतरवल्या, बाकीचं तसंच ठेवलं. इंजिनियर काका पुस्तक बदलायला आले तेव्हा खिडकीतून तिकडे बघत समाधानाने म्हणाले, “बघा, केलेली सही फुकट गेली नाही.”

कुठली ते मी विचारलं नाही. पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला आणि रजिस्टर पुढे सरकवलं.