पांढऱ्या पट्ट्यांची पिशवी

न्यू जर्सीच्या आमच्या घरात कपाटाच्या तळाशी एक निळी पिशवी असायची. तिच्यात पांढरे पट्टे, साठेक. कमरेला बांधतात तेच, जाड सुती, वॉशिंग मशिनमधून जटा होऊन बाहेर पडणारे. वर्षातून एकदा, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, त्यांना काम असे. त्याआधी आणि त्यानंतर काम मला: धुवायचे, जटा सोडवायच्या, मोजायचे आणि मांडीवर घेऊन एकेक गुंडाळायचा. लेक म्हणायची, "बाबा वाती वळतायत."

या भानगडीत मी पडलो तो तिच्यापायीच. २००७ साली ती सात वर्षांची होती आणि लाँड्रीशेजारच्या एका गाळ्यात तांग सू डो ही कोरियन युद्धकला शिकायला जायची. पालकांनी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर पेपर वाचत बसायचं असा तिथला रिवाज. तिसऱ्या महिन्यात तिथले मुख्य गुरुजी, कोरियन भाषेत क्वानजांगनिम, माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बसून बसून गुडघे दुखत नाहीत का तुमचे?" पुढच्या सोमवारी मी अडतिसाव्या वर्षी नवाकोरा डोबोक, म्हणजे सरावाचा गणवेश, घालून रांगेत शेवटी उभा होतो. लेक पिवळ्या पट्ट्याची, म्हणजे मला सीनियर. वर्गात तिच्यापुढे कमरेत वाकावं लागे. याचा घरी तिने काय काय फायदा घेतला ते इथे लिहीत नाही.

एप्रिलचा मेळावा त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाला. आसपासच्या गावांतले पाचेक डोजांग, म्हणजे तालीमवर्ग, एक शाळेचं जिम भाड्याने घेऊन दिवसभर जमायचे. तांग सू डोचे आम्ही, तायक्वांदोचे दोन तट, हापकिडोवाले, आणि एक तलवारीचा वर्ग. मेळाव्याला शेवटपर्यंत नाव मिळालं नाही. आम्ही नुसतं "एप्रिल" म्हणायचो. "एप्रिलला वडे कोण आणणार?" असं. नाव कुणी सुचवलं की वाद ठरलेला, कारण या मंडळींचं मूळ भांडणच मुळी नावाचं.

ते मला समजलं आपल्या संगीतातल्या घराण्यांमुळे. कोरियन भाषेत क्वान म्हणजे घर, वास्तू; आणि १९४४ ते ४६ च्या सुमारास कोरियात जे पहिले क्वान उघडले ती खरोखर घराणीच होती. चुंग दो क्वान, सोंग मू क्वान, ह्वांग की यांचं मू दुक क्वान. जपानी राजवट नुकती संपत होती, त्यांतले बरेच संस्थापक जपानात कराटे शिकून आलेले. "तांग सू" हे नावही कराटेच्या जुन्या चिनी लिपीतल्या नावाचाच कोरियन उच्चार. पुढे १९५५ मध्ये जनरल चोई होंग ही यांनी तायक्वांदो हे नाव पुढे केलं आणि हळूहळू घराणी त्या एका छत्राखाली गेली. ह्वांग की मात्र अडून राहिले. आमचे क्वानजांगनिम त्यांच्या परंपरेतले. तिकडे छत्राचेही दोन तुकडे झाले. चोईंनी १९६६ मध्ये एक आंतरराष्ट्रीय संघटना काढली, १९७२ मध्ये ते कॅनडाला निघून गेले, आणि १९७३ मध्ये सोलमध्ये दुसरी जागतिक संघटना उभी राहिली. ऑलिंपिकला गेली ती ही दुसरी. २००० मध्ये सिडनीत तिच्या तायक्वांदोला पदकांच्या खेळाचा दर्जा मिळाला. तिची इंग्रजी आद्याक्षरं डब्ल्यूटीएफ, एका इंग्रजी शिवीचीही तीच. अमेरिकन पोरं छातीवरची ती अक्षरं वाचून फिदीफिदी हसायची. २०१७ मध्ये संघटनेनेच "एफ" गाळून टाकला, तेव्हा आमच्याकडच्या एका साबुमनिमनी, म्हणजे शिक्षकांनी, सुटकेचा निःश्वास सोडलेला मी पाहिलाय.

आता हे सगळे लोक सकाळी नऊला एका जिममध्ये. ओळी लागल्या, "छारयत" अशी हाळी आली की दोनशे टाचा एकदम जुळायच्या. मग मोजणी: हाना, दुल, सेत, नेत. इथवर एकोपा. पहिला खालचा बचाव आला की फाटाफूट. आम्ही त्याला हादान माक्की म्हणणार, ऑलिंपिकवाले आरे माक्की, चोईंचे लोक नाजुंदे माक्की. आम्ही कंबर फिरवून तो करणार, चोईंचे लोक गुडघ्यातून किंचित खाली जाऊन वर उठत, लाटेवरच्या होडीसारखे. ठरावीक हालचालींच्या मालिकेला आमच्यात ह्यंग, तिकडे पूमसे, आणखी तिकडे तुल. हात तोच, पाय तोच.

पहिल्या वर्षी झालं असं की प्रत्येक घराण्याने आपापलं गाऊन दाखवलं आणि बाकीच्यांनी हाताची घडी घालून मान डोलावली. ती मान डोलावणं आपल्याला चांगलं ठाऊक आहे. समेवर दाद द्यायची आणि चहाला बाहेर पडल्यावर "आवाज बरा आहे" म्हणायचं. हापकिडो शिकवणाऱ्या बाई व्यवसायाने दंतवैद्य, त्यांना तोंडावर खरं बोलायची सवय. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी असं असेल तर मी येत नाही. आणि त्यांनी नियम घातला: जेवणाआधीचे दोन तास प्रत्येकाने आपला पट्टा सोडून पांढरा बांधायचा आणि जी कला आपल्याला येत नाही तिच्या वर्गात शेवटच्या रांगेत उभं राहायचं. गुरुजनांनी सुद्धा. साठ पट्टे घाऊक विकत घेतले गेले, आणि माझ्या घरी वॉशिंग मशिन मोठं आहे हे कुणाला तरी आठवलं.

हापकिडोच्या वर्गात पहिली गोष्ट म्हणजे पडणं. पुढे, मागे, कुशीवर, हात मॅटवर आपटून. आयुष्यभर उभ्याने लाथा मारलेल्या माणसाला हे फार जड जातं. काळ्या पट्ट्याच्या सहाव्या पायरीचा, म्हणजे सहाव्या दानचा, एक धिप्पाड तायक्वांदोवाला मॅटच्या कडेला, विहिरीच्या काठावर उभ्या पोरासारखा, पाच मिनिटं नुसता वाकून बघत राहिला होता. शेवटी पडला तेव्हा सगळ्यांत मोठी टाळी बारा वर्षांच्या पोरांनी वाजवली. मनगट सोडवायचे डाव सुरू झाले की बाई दर वर्षी तीच गोष्ट सांगायच्या. १९४८ साल, देगू शहरातली दारूची भट्टी. चोई योंग सुल नावाचा, जपानातून परतलेला एक माणूस डुकरांसाठी चोथा न्यायला तिथे आला होता. बाचाबाची झाली, अंगावर आलेल्यांना त्याने सहज लोळवलं. भट्टीमालकाचा मुलगा वरून बघत होता. त्याने बोलावून घेतलं आणि म्हणाला, मला शिकवा. तिथून हापकिडोची परंपरा सुरू झाली असं मानतात. दर वर्षी ऐकूनही त्या चोथ्याच्या पोत्यापाशी मला हसू येई. घराण्यांच्या उगमकथांत सहसा हिमालय असतो, डुकरं नसतात.

प्रसाराचं काम आमच्याकडे फार थाटाचं नव्हतं. वाचनालयात पत्रकं ठेवायची, सप्टेंबरात कोरियन लोकांच्या छुसक सणाच्या जत्रेत फळ्या फोडून दाखवायच्या, इतकंच. पण पत्रकावरून एकदा जुंपली. मसुद्यात "दोन हजार वर्षांची प्राचीन युद्धकला" असं होतं. बाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, क्वान १९४४ चे, हापकिडो १९४८ ची, दोन हजार वर्षं कुठून आणली? एक वयस्क साबुमनिम दुखावले. कोरियावर जपानने काय केलं हे ज्याने लहानपणी पाहिलं, त्याला "तुमच्या कलेत कराटे आहे" हे ऐकणं सोपं नसतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी बाईंचंच बरोबर होतं असं माझं मत. शेवटी पत्रकातून वयच काढलं. (आठ वर्षांच्या पोरांना काळे पट्टे देण्याबद्दलही मला बरंच बोलायचं आहे, पण ते राहू दे.)

जेवणाला पॅलिसेड्स पार्कहून आलेल्या कोरियन काकूंचं राज्य. किंबाप म्हणजे भात नि भाज्या समुद्री शेवाळाच्या पानात वळून कापलेल्या चकत्या. पहिल्यांदा पाहिल्यावर माझ्या तोंडून "अळूवडी" असंच निघालं. किमचीत मासळी असते हे कळल्यावर आमच्या शाकाहारी बायकोसाठी काकू वेगळी बरणी आणू लागल्या. मी एकदा मुगाची धिरडी नेली. क्वानजांगनिमच्या बायकोने एक तुकडा मोडून तोंडात टाकला, माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि म्हणाली, "हे आमचं बिनदेत्तक आहे." खरंच आहे. भिजवलेले मूग वाटून तव्यावर. त्यांच्यात किमची घालतात, आपल्यात आलं-मिरची.

२०१२ च्या एप्रिलला आई सांगलीहून आली होती. आदल्या नोव्हेंबरात तेक्क्यॉन ही जुनी कला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली होती, म्हणून त्या वर्षी तिचा वर्ग पहिल्यांदाच ठेवला. शिकवायला एक विद्यार्थी, पांढऱ्या ढगळ हानबोकमधला, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाखातला. कोरियातली ही कला जवळजवळ एका माणसाने जगवली, १८९३ मध्ये जन्मलेल्या सोंग दक गी यांनी. १९८३ मध्ये सरकारने तिला राष्ट्रीय वारसा म्हटलं तेव्हा ते नव्वदीचे होते. तिच्यात ठाण मांडून उभं राहणं नाही. गुडघे मऊ, पाऊल त्रिकोणात पुढे-मागे, अंग डोलत, आणि मधूनच "इक्! एक्!" अशी आरोळी. आमचे काळे-निळे पट्टेवाले सगळे बांबूसारखे ताठ. एकाचंही पाऊल पडेना. आई कडेला खुर्चीवर. थोडा वेळ पाहून म्हणाली, "अरे, ही तर लेझीमची पावली." आणि नऊवारी नव्हे, साधी पाचवारी नि पायात माझ्या मुलीचे स्पोर्ट्स शूज, अशी उठून शेवटच्या रांगेत गेली. मी पिशवीतून पट्टा काढून दिला, तो तिने पदरावरून बांधला. त्या मुलाने वर्गाला थांबवून आईकडे बोट दाखवलं: असं करा. शाळेत लेझीम केली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती. परतताना गाडीत मात्र म्हणाली, ते इक्-एक् तेवढं मला ओशाळवाणं वाटलं.

दुपारच्या प्रात्यक्षिकांबद्दल फारसं सांगत नाही, कारण टाळ्या त्यांनाच पडतात. तलवारवाल्यांचा मेणबत्तीची ज्योत विझवायचा खेळ शाळेने आगीच्या भीतीने बंद केला, मग ते ताणून धरलेला वर्तमानपत्राचा कागद कापायचे. फळ्या मीच कापून आणायचो. पाइनच्या, एक इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि मोजली तर पाऊणच भरणाऱ्या. धरणाऱ्याने लाकडाच्या रेषा नीट पाहून धरलं तर पोर फोडतं, आडवी धरली तर पोराचा हात सुजतो. त्यामुळे माझं लक्ष कायम धरणाऱ्यांवर.

२०१४ चं सांगायलाच हवं. होळीनंतर घाईत पट्टे मशिनमध्ये टाकले, त्यात लेकीचा रंग खेळलेला शर्ट. साठच्या साठ पट्टे गुलाबी. ब्लीच, लिंबू, ऊन, सगळं केलं. निम्म्यांचा रंग निघाला, निम्म्यांचा हटेना. मेळाव्याला पिशवी उघडताना माझा चेहरा पाहण्यासारखा असणार. क्वानजांगनिमनी एक पट्टा उचलून खिडकीपाशी नेला. आमच्या परंपरेत दानचा पट्टा काळा नसतो, गडद निळा असतो; काळ्यावर पुढे रंग चढत नाही म्हणून, असं ते दर परीक्षेला सांगत. ते मागे वळले आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "पांढऱ्यावर चढतो. हे प्रयोगाने सिद्ध केल्याबद्दल आभार." त्या वर्षी गुरुजनांना सक्तीने गुलाबी पट्टे मिळाले.

पुढे नवे पांढरे घेतले, गुलाबी एकेक करून कुठे कुठे गेले. पिशवीत एक उरला होता. २०२० चा एप्रिल झालाच नाही, तेव्हा २०१९ चा तो शेवटचा जो मी पाहिला. नंतर आम्ही पुण्याला आलो. २०१९ च्या त्या सकाळी क्वानजांगनिम काठी टेकत आले. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले होते. खुर्ची तयार होती, ती त्यांनी पाहिलीच नाही. खाली बसून पिशवीत कोपरापर्यंत हात घातला, माझ्या सगळ्या वाती विस्कटल्या, आणि तळातून तो गुलाबी पट्टा ओढून काढला. बांधून देऊ का विचारलं तर नको म्हणाले. मग तेक्क्यॉनच्या वर्गात, शेवटच्या रांगेत, एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मागे जाऊन उभे राहिले. तिने वळून पाहिलं, त्यांनी तिला कमरेत वाकून नमस्कार केला.

"रंग टिकलाय बरं का," ते मला म्हणाले, आणि त्यांचं पहिलंच पाऊल चुकलं.