कोंब फुटलेल्या आल्याची कुंडीतील लागवड

घरातील आल्याच्या गड्ड्याला फिकट हिरवे कोंब फुटले, तेव्हा ते स्वयंपाकात न वापरता बेणे म्हणून लावायचे मी ठरवले. प्रत्येक तुकड्यावर किमान एक ठसठशीत डोळा राहील अशा बेताने साधारण 25 ग्रॅम वजनाचे तुकडे केले आणि कापलेली बाजू पूर्ण सुकेपर्यंत ते सावलीत उघडे ठेवले. मातीतील रोगजंतू ओल्या कापातून सहज आत शिरतात, म्हणून लागवडीची घाई न करणे मला फार महत्त्वाचे वाटते.

आले हे मूळ नसून जमिनीखाली आडवे पसरणारे खोड आहे आणि कुंडीची निवड त्यावरूनच ठरते. मी सुमारे 30 सेंटिमीटर खोल, पण तोंडाला ऐसपैस आणि तळाला भरपूर छिद्रे असलेली कुंडी घेतली, तिच्यात माती, कोकोपीट व चांगले कुजलेले शेणखत भरले आणि डोळे वरच्या बाजूला ठेवून तुकडे 5 सेंटिमीटर खोल पुरले.

खरी कसोटी त्यानंतर लागते. कोंब वर येण्यास काही आठवडे जातात, माती थंड असेल तर आणखी वेळ लागतो, आणि या काळात पाने नसल्यामुळे पाण्याची गरज अगदी थोडी असते. माती ओलसर राहावी, पण चिखल होऊ नये. साचलेल्या पाण्यात पिथियम हा बुरशीसारखा रोगजंतू वाढतो आणि कंदकूज होऊन डोळा जमिनीखालीच नष्ट होतो. त्यामुळे बोटाने वरचा थर कोरडा लागल्याशिवाय मी पाणी दिले नाही. पाने फुटल्यावर मात्र पाणी वाढवले आणि कुंडी सकाळचे कोवळे ऊन व दुपारी सावली मिळेल अशा जागी ठेवली.

पुढे फुगलेले कंद मातीबाहेर डोकावू लागले की दर वेळी दोन-तीन सेंटिमीटर मातीची भर देत गेलो.

पाचव्या महिन्यानंतर कडेची माती हलकेच उकरून थोडे कोवळे आले काढता येते. त्याची साल नखाने निघते आणि त्यात दोरे जवळजवळ नसतात. उरलेले आले पाने पिवळी पडून सुकेपर्यंत, म्हणजे आठ ते दहा महिने, जमिनीत राहू दिले. ते अधिक तिखट आणि दोरेदार निघाले. साठवणीसाठी तेच योग्य, परंतु स्वादासाठी मी कोवळ्या आल्यालाच पसंती देईन.