बंद कॉम्प्युटर लांबून चालू करताना

घरचा डेस्कटॉप दिवसभर चालू ठेवायचा नाही, पण बाहेर असताना त्यावरची एखादी फाइल लागलीच तर तिथूनच तो सुरू करायचा, एवढंच मला हवं होतं. 'वेक ऑन लॅन', म्हणजे बंद कॉम्प्युटर नेटवर्कवरून जागा करण्याची सोय, बहुतेक मदरबोर्डांत असते हे माहीत होतं. तरी ती नीट चालायला माझे दोन शनिवार-रविवार गेले.

यामागची कल्पना मला फार आवडते. कॉम्प्युटर शटडाउन केला तरी पॉवर सप्लाय ५ व्होल्टची थोडी वीज मदरबोर्डला पुरवत राहतो. तेवढ्यावर नेटवर्क कार्ड जागं राहतं आणि 'मॅजिक पॅकेट' नावाच्या जागं करणाऱ्या छोट्या संदेशाची वाट पाहतं. या पॅकेटमध्ये एफएफचे (सगळे बिट १ असलेले) ६ बाइट असतात आणि त्यामागे त्याच कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, सलग १६ वेळा. एकूण १०२ बाइट. तो ॲड्रेस कार्डाला ओळखू आला की मशीन उठतं.

माझं मशीन उठेना. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, वेक ऑन लॅन चालू केलं होतं, ड्रायव्हरमध्येही मॅजिक पॅकेटची खूण केली होती. शेवटी मागे वाकून पाहिलं, तर शटडाउननंतर लॅन पोर्टचा दिवाच विझत होता, म्हणजे कार्डाला वीजच मिळत नव्हती. बायोसमधला वीज वाचवणारा 'ईआरपी' पर्याय बंद केला आणि दिवा लागला. हा दिवा आधी बघा, बाकीचं सगळं नंतर. मग विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद केलं, कारण त्यात शटडाउन अर्धवट हायबरनेटसारखं होतं आणि कार्ड जागं राहीलच याचा भरवसा नसतो. त्यानंतर घरातल्या लॅपटॉपवरून पॅकेट पाठवलं आणि पंखा फिरल्याचा आवाज आला. तो ऐकून खरंच आनंद झाला!

खरा गुंता बाहेरून सुरू करण्यात निघाला. राउटरवर यूडीपीचा ९ नंबरचा पोर्ट डेस्कटॉपकडे वळवला, म्हणजे इंटरनेटवरून त्या नंबरवर आलेलं पॅकेट डेस्कटॉपकडे जाईल. बंद केल्यावर दोन मिनिटांत पॅकेट पाठवलं तर मशीन उठायचं, तासाभराने पाठवलं तर ढिम्म. एक अख्खी संध्याकाळ मी ड्रायव्हरला दोष देत बसलो. दोष होता राउटरच्या एआरपी टेबलाचा, म्हणजे कोणत्या आयपी ॲड्रेसमागे कोणता मॅक ॲड्रेस आहे या यादीचा. आयपीमागचा मॅक ॲड्रेस राउटर थोडाच वेळ लक्षात ठेवतो. नंतर तो पुन्हा विचारतो, आणि बंद मशीन उत्तर देऊ शकत नाही. म्हणून पॅकेट घरातूनच, सगळ्या नेटवर्कला ब्रॉडकास्ट करून जायला हवं.

तसाही तो उघडा पोर्ट मला खटकतच होता, कारण साध्या मॅजिक पॅकेटला पासवर्ड नसतो. मी तो बंद केला. आता घरात रास्पबेरी पाय हा एक छोटासा कॉम्प्युटर कायम चालू असतो. बाहेरून व्हीपीएनने, म्हणजे घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी करून, मी त्याच्यावर जातो आणि पॅकेट तोच पाठवतो. डेस्कटॉप मात्र केबलनेच जोडलेला ठेवलाय. पूर्ण बंद मशीन वायफायवरून उठवणं बहुतेक कार्डांना जमत नाही.

एक गोष्ट उशिरा कळली. वीज जाऊन आली की माझं कार्ड पॅकेट ओळखत नाही, मशीन एकदा तरी सुरू व्हावं लागतं. त्यासाठी बायोसमध्ये वीज परतताच मशीन आपोआप चालू होईल असं ठेवलंय, आणि सुरू झाल्यावर १५ मिनिटं कुणी वापरलं नाही तर ते स्वतःच शटडाउन होतं.