बागेतल्या दोघी: रेषेचा ठोकळा झाला, आता रंग

तोरी कियोनागा या जुन्या जपानी चित्रकाराच्या वळणाचं, बागेत फिरणाऱ्या दोघींचं चित्र लाकडी ठोकळ्यांवरून छापायला घेतलंय. त्याचा रेषेचा ठोकळा, म्हणजे चित्राच्या रेषा छापणारा, कोरून झाला.

सगळ्यात जास्त वेळ घेतला किमोनोच्या घोळाने. १७८०च्या दशकातल्या कियोनागाच्या स्त्रिया उंच, सडपातळ. पाय जेमतेम दिसतात, तरी त्या चालताहेत हे लगेच कळतं, ते घोळामुळे. खांद्यापासून रेषा बारीक उतरते, गुडघ्याखाली भरते आणि जमिनीशी मागे वळते. तो भरणा कमी पडला की बाई नुसती उभी दिसते. बागेतल्या झाडाफुलांपेक्षा माझं लक्ष या वळणावरच राहिलं, आणि अजूनही मला चित्राचा जीव तिथेच वाटतो. कोरताना पाती तिरकी धरून रेषेच्या दोन्ही बाजूंना उतार ठेवला. पायथ्याशी लाकूड रुंद राहिलं की बारीक रेषाही छपाईचा दाब सोसते. एदोतले (म्हणजे जुन्या टोकियोतले) कारागीर यासाठी रानचेरीचं लाकूड वापरत. मी बर्चच्या प्लायवर काम करतेय.

केंतोच्या खुणा, म्हणजे कागद टेकवायचा काटकोनी कोपरा आणि कडेची सरळ खाच, याच ठोकळ्यात कोरल्यात. याचे छाप उलटे चिकटवून रंगांचे ठोकळे कोरायचे, म्हणजे खुणाही सोबत उतरतात आणि प्रत्येक रंग आपल्या जागी बसतो.

रंगांत प्रशियन निळा टाळलाय. उकियो-एमध्ये, म्हणजे या जपानी ठोकळाछाप चित्रांत, तो रुळला १८३०च्या आसपास, कियोनागाच्या ऐन भरानंतर. त्या काळातला एक निळा फुलांपासून काढत. तो इतका नाजूक की उजेडाने आणि ओलाव्याने उडतो. म्हणून मी नीळ घेतेय. लाल मात्र करडईच्या पाकळ्यांचाच हवा. जपानी बेनी म्हणजे तोच, आणि करडई तर आपल्या सोलापूर-मराठवाड्याच्या शेतातली! पाकळ्यांतला पिवळा आधी पाण्याने धुऊन काढायचा, मग खारात लाल सुटतो आणि आंबट घातलं की खाली बसतो. पहिली वाटी गुलाबीसर उतरलीय, आतल्या अस्तरासाठी अगदी हवी तशी.

पुढचं काम तळ्याच्या बोकाशीचं, म्हणजे गडद रंग हळूहळू फिका करत नेण्याचं. ठोकळ्यावर ओला ब्रश, एका कडेला नीळ आणि थोडी तांदळाची खळ, मग रंग पाण्याकडे विरत न्यायचा. कागद आदल्या रात्री ओलसर करून दाबून ठेवणार आहे.