पुठ्ठा सुटला, पण १७३५ही हातचं सुटलं

मंडळी, माझ्या जुन्या छापील चित्रामागचा तो चिकटलेला पुठ्ठा निघाला! आता निघाला नसता तर बरं झालं असतं असं वाटतंय.

इंग्रज चित्रकार होगार्थच्या 'रेक्स प्रोग्रेस' या उधळ्या तरुणाच्या चित्रमालिकेतली सहावी प्लेट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, जुगारखान्याचं. सरसाने पुठ्ठ्याला असं घट्ट बसलं होतं की मागच्या वेळी वाफ दिली तर पुठ्ठा जागचा हलला नाही, उलट कडेला पिवळा डाग तेवढा उमटला. या वेळी पाठीमागून स्काल्पेलने पापुद्रा पापुद्रा सोलत गेलो. १५ नंबरचं गोल पातंच घ्या. ११ नंबरचं टोक कधी कागदात घुसेल कळत नाही. शेवटचा पातळ थर उरला तेव्हा मिथाइल सेल्युलोजचा (पाण्यात कालवायची खळीसारखी पावडर) दाट लेप लावून वर प्लॅस्टिक झाकलं. अर्ध्या तासाने सरस दुधावरच्या सायीसारखा निघाला. (वॉलपेपरची पावडर वापरू नका हो, तिच्यात काय काय मिसळलेलं असतं.) चित्राला ओरखडासुद्धा नाही. विग उडालेला, गुडघे टेकून आकाशाला मूठ दाखवणारा तो बापडा, मागे भिंतीतून निघणारा धूर, आणि पैशांत बुडालेल्या खेळाडूंना आगीचा पत्ताच नाही! पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

मग कागद लाइटबॉक्सवर ठेवला आणि तोंडचं पाणी पळालं. 'लेड' म्हणजे साच्याच्या तारांचे ठसे उमटलेला जुना कागद; त्यात साधारण इंचा-इंचावर दिसणाऱ्या उभ्या रेषा इथे कुठेच नाहीत. सपाट, बिनरेषांचा 'वोव्ह' कागद. असा कागद इंग्लंडात आला १७५७च्या सुमारास, आणि ही मालिका छापली गेली १७३५ला! आशेने कोपरे तपासले, तर कापलेल्या कडेला वॉटरमार्कचं (कागदातच उमटवलेल्या खुणेचं) शेपूट: सालातलं '१८', पुढचं गायब. म्हणजे होगार्थ जाऊन किमान ३६ वर्षं झाल्यावरचा छाप. सावल्यांतल्या रेषा जाड आणि एकसुरी आहेत, त्यामुळे माझा संशय खोदकार जेम्स हीथने तांब्याच्या प्लेटा दुरुस्त करून काढलेल्या १८२२च्या आवृत्तीवर. विक्रेत्याने 'अस्सल पहिला छाप' म्हणून दिला होता. त्याला बोल लावतोय, पण प्लेटमार्क, म्हणजे चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दाबून उमटलेला ठसा, बघून हुरळलो मीच. तांब्याची प्लेट तीच म्हटल्यावर शंभर वर्षांनीही प्लेटमार्क उमटणारच की!

ठरलं होतं की आता मालिकेतली उरलेली सात चित्रं गोळा करायची. पण हे लिहिता लिहिता दुसरंच काही डोक्यात आलं. इंग्रज चित्रकार क्रुकशँकची 'द बॉटल', दारूने उद्ध्वस्त होणाऱ्या घराची मालिका, १८४७ची, तीही आठच चित्रांची. पहिल्या चित्रात भरलेलं घर, बायकोला 'एक घोट घे' म्हणणारा नवरा. तिसऱ्यात जप्तीवाले सामान उचलून नेतात. ही मालिका ग्लिफोग्राफीने छापलेली, म्हणजे मेणाच्या थरावर रेखाटून त्यावरून उठावाचा ठसा. उठावाच्या ठशाला तांब्याच्या प्लेटेसारखा प्लेटमार्क कशाला असेल?

आणि मी गेल्या वर्षी त्यातलंच एक चित्र 'प्लेटमार्क नाही, नक्कल असणार' म्हणून बाजूला टाकलं होतं. ती फाइल कपाटात खालून दुसरी असावी. लेपाचं भांडं तसंच ठेवून उठतोय.