विळा, डावा हात आणि गोराईचं भात

गेलं वर्षभर यूट्यूब मला एकच गोष्ट दाखवतंय, युरोपातली माणसं त्या लांब दांड्याच्या सायथने गवत कापताना. ताठ उभं राहायचं, कंबरेतून वळायचं, पातं जमिनीवरून उचलायचंच नाही, अर्धवर्तुळात सरकवत न्यायचं आणि कापलेल्या गवताची ओळ आपोआप डावीकडे पडत जाते. आवाज नुसता सर्र सर्र. आमच्या सोसायटीत सकाळी सकाळी पेट्रोलवालं मशीन सुरू होतं ना, त्यानंतर हे बघितलं की प्रेमातच पडायला होतं.

मग काय, वाचत सुटलो. पातं साधारण 65 सेंटीमीटरचं, त्याची कड छोट्या ऐरणीवर ठेवून थंडच ठोकून ठोकून पातळ करतात, तापवायचं वगैरे काही नाही. कमरेला पाण्याचं छोटं भांडं, त्यात धारेचा दगड, दर काही मिनिटांनी थांबून दोन हात मारायचे. आणि कापायचं पहाटे, दव असताना, कारण ओलं गवत पात्याखाली छान कापलं जातं, वाळलं की नुसतं वाकतं.

आता एवढं सगळं डोक्यात भरून मी बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला गेलो, मित्राच्या ओळखीतल्या एका आंटीच्या शेतावर. हो, मुंबईत भातशेती आहे, गोराई-मनोरीकडे थोडी थोडी शिल्लक आहे, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन लोकांचा, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा, आगेरा हा सुगीचा सण असतो तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, हे बोरिवलीत जन्म काढलेल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं.

आंटीला मी मोबाईलवर सायथचा व्हिडिओ दाखवला. तिने शांतपणे पूर्ण बघितला आणि म्हणाली, "गवताला बरा हाय. भाताला मारलास तर दाणे कोण येचणार, तू?"

हे खरं तर मला आधीच सुचायला हवं होतं, पण व्हिडिओत सगळं इतकं सुंदर दिसतं की डोकं चालतच नाही. गवताला दाणे वाचवायची भानगड नसते. भात पिकलं की लोंबी जरा झटका बसला तरी झडते. तिकडे धान्य कापायला सायथला काठ्यांची चौकट लावतात, म्हणजे पीक एका बाजूला नीट आडवं पडतं, पण त्यासाठी मोकळं सपाट शेत हवं. इथे खाचर म्हणजे बांधाबांधाचे तुकडे, परतीच्या पावसात अर्धं भात लोळलेलं आणि खाली चिखल. तिथे ते पातं फिरवणार कुठे?

म्हणून विळा. आणि विळ्याचं काम उजव्या हाताचं नाहीच, डाव्या हाताचं आहे, हे मला तिथे बसल्यावर कळलं. डाव्या हाताने चूड, म्हणजे भाताच्या रोपांचा झुपका, धरायचा, अंगठा वर, म्हणजे बोट पात्यासमोर येत नाही. विळा मारायचा नाही, आपल्याकडे ओढायचा. मूठ भरली की सगळ्या लोंब्या एका बाजूला करून खाली ठेवायची, उगाच फेकायची नाही, कारण नंतर वाळल्यावर भारा बांधायचाय आणि झोडायचंय, तेव्हा लोंब्या उलटसुलट असतील तर सगळ्यांच्या शिव्या खाव्या लागतात. आंटी बोलता बोलता तीन ओळी पुढे, मी अजून मूठच जुळवतोय. मांड्यांचं काय झालं ते सांगत नाही.

सगळ्यात जास्त ओरडा खाल्ला तो उंचीवरून. मी वाकायचा कंटाळा करून वरून कापत होतो. "खालून काप, जमिनीला लागून!" मला वाटलं पेंढा जास्त मिळावा म्हणून असेल, ते तर आहेच, पण खरं कारण खोडकिडा. त्याची अळी खोडाच्या बुडात राहते, उंच धसकट ठेवलं की तिला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळालं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच कामासाठी दातेरी पात्याचा वैभव विळा काढलाय, जमिनीलगत कापायला सोपा पडतो. म्हणजे औषध न मारता किडीचं निम्मं काम नुसत्या कापण्याच्या पद्धतीने होतं, हे मला त्या सर्र सर्र आवाजापेक्षा कितीतरी भारी वाटलं.

सायथ मी अजून विश लिस्टमधून काढलेली नाहीये हां. बांधावरच्या आणि पडीक जागेतल्या गवताला ती चालेल असं माझं ठाम मत आहे, आंटीचं नाही. तिचं म्हणणं, बांधावर दगड असतात, एकदा पातं आपटलं की बसा ठोकत.

भात निघालं की त्याच ओलीवर ती वाल टाकते, वेगळं पाणी द्यायची फारशी गरज पडत नाही. मी म्हटलं, तेव्हा येऊ का? तर म्हणे ये, पण मोबाईल घरी ठेव आणि खुरपं घेऊन ये. बोरिवली मार्केटमध्ये खुरपं मिळालंय, दांडा जरा ढिला वाटतोय, पाचर मारून घ्यावी लागेल.