सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, माझा अनुभव

2003 ला नववीची परीक्षा दिली आणि माझी शाळा सुटली. मग लग्न होऊन करमाळ्यात आले, दोन मुलं झाली, दहावी राहिली ती राहिलीच. 2024 च्या ऑगस्टमध्ये मुलीच्या हायस्कूलमध्ये पालक मिटिंग होती, तिथे बोर्डावर सतरा नंबर फॉर्मची, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याच्या फॉर्मची, सूचना दिसली. दोनदा वाचली आणि तशीच ऑफिसात गेले.

ऑफिससमोर ही गर्दी, कारण आजूबाजूच्या गावांतली, वाड्यावस्त्यांवरची पोरं एसटीनं येतात, मुलींना पास फुकट असला तरी शाळेचा सही-शिक्का लागतोच. त्या गर्दीतनं क्लार्क सरांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, म्हणाले ताई बाकी सगळं होतंय, आधी शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणा.

तोच तर नव्हता. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. माझी जुनी शाळा परांड्याकडे, तिथं दोन हेलपाटे घातले, पहिल्यांदा कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते रजेवर, दुसऱ्यांदा एकदाचं जनरल रजिस्टर निघालं, पानं पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या. सरांनी पट्टी ठेवून एकेक ओळ खाली नेली आणि माझ्या नावावर थांबले. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात लिहिलं होतं, 'पालकांच्या विनंतीवरून'. मला कुणी विचारलं नव्हतं हो. मी रडत होते आणि रिक्षाचं भाडं वाढत होतं.

फॉर्म ऑनलाइन भरायचा, पण नाव दाखल्यावर आहे तेच टाकायचं, आधारवरचं सासरचं नाही, हे नीट लक्षात ठेवा. अठरा वर्षांनी मी माहेरचं पूर्ण नाव लिहिलं. मग प्रिंट, फी भरल्याची पावती आणि कागदपत्रं संपर्क केंद्राच्या शाळेत जमा करायची, आमचं केंद्र हेच हायस्कूल. तारीख गेली की विलंब शुल्क लागतं, त्यामुळे दाखल्याचं काम सगळ्यात आधी करा.

आणि बाहेरून बसणाऱ्याला फक्त पेपर द्यायचे असतात असं लोक सांगतात ते ऐकू नका. पेपर 80 चा, उरलेले 20 मार्क तोंडी, प्रॅक्टिकल, स्वाध्याय यांचे, ते केंद्रावर जाऊनच मिळतात. हिंदीच्या तोंडीला मी मुलांच्या रांगेत उभी होते, पुढच्या पोरानं मागं वळून विचारलं, काकू तुमचा सीट नंबर काय?

बीजगणितानं फार छळलं. मुलीच्या बाईंनी जानेवारीपासून शाळा सुटल्यावर अर्धा तास दिला, एक रुपया घेतला नाही, त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. गणित आणि विज्ञान मिळून 70 आणि प्रत्येकात किमान 25 असले तरी पास होता येतं हे त्यांनीच सांगितलं, तेव्हा कुठं धीर आला.

21 फेब्रुवारी 2025 ला मराठीचा पेपर, 13 मे ला दुपारी एक वाजता निकाल. पास! गणितात 38.

मार्कलिस्ट आणायला गेले तर क्लार्क सरांनी रजिस्टर पुढं केलं. मी सवयीनं पालकांच्या सहीची जागा शोधत होते, ते म्हणाले, ताई, विद्यार्थ्याच्या रकान्यात करा. केली, माहेरच्या नावानं.